उद्यमनगरातल्या फायबर मिस्त्रींकडं सर्फबोर्ड दुरुस्ती: वजन वाढलं, पण वादळी लाटेला टिकला

शिवाजी उद्यमनगरात फायबरची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींकडून मी माझा सर्फबोर्ड दुरुस्त करून घेतला. कोल्हापुरात सर्फबोर्ड म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "रंकाळ्यात चालवतीस व्हय?" पण गगनबावड्यावरून घाट उतरून देवगड-मालवणला बोर्ड घेऊन जाणारी आता मी एकटीच राहिलेली नाही. आणि बोर्डाला चीर गेली की सगळ्यांना पहिलं गोवाच आठवतं. गोव्याला पाठवायचं म्हणजे भाडं, वाट बघणं आणि वाटेत आणखी एक चीर. म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण मिस्त्रीमामांनीच बजावलंय, "नाव घालू नका ताई, आधीच गणपतीपर्यंत मान वर करायला सवड न्हाई." ट्रकच्या केबिनचे फायबर पार्ट कोण करतं असं उद्यमनगरात विचारा, कुणीही हात करून दाखवेल.

बोर्ड सहा फूट आठ इंची, आकारमानानं अडतीस लिटरचा, मागं निमुळता होत गेलेला. आत थर्माकोलसारखा ईपीएस फोम, वरून काचेच्या तंतूंचं कापड आणि त्यावर इपॉक्सी रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव. उजव्या कडेला वीतभर चीर होती आणि पायाची दोरी, म्हणजे लीश, जिथं अडकते त्या प्लगभोवती बारीक तडे गेले होते. साध्या दिवसांत त्यावर टेप लावून भागलं असतं. मला तो ऑक्टोबरातल्या मोठ्या लाटांसाठी हवा होता, आणि तिथं प्लग उपटला तर बोर्ड एकीकडं, मी दुसरीकडं.

मामांनी बोर्ड दोन बाकड्यांवर आडवा ठेवला आणि शेपटीपासून टोकापर्यंत बोटाच्या पेराने वाजवत गेले. टणक आवाज, टणक आवाज, आणि चिरेपासून चार बोटं आत आल्यावर बद्द. "हितं सुटलंय," म्हणाले आणि पेन्सिलीनं गोल केला. मला फक्त चीर दिसत होती. आत पाणी शिरून कापड फोमपासून सुटलंय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या वस्तूवर नुसत्या आवाजानं ओळखलं. तिथंच माझा निम्मा निर्णय झाला.

उरलेला निम्मा रेझिनवर अडला होता, आणि कोल्हापुरात कुठंही बोर्ड देताना सांभाळायची खरी गोष्ट हीच. आपल्याकडच्या बहुतेक फायबर शेडमध्ये पॉलिस्टर रेझिन असतं. टाकी, केबिन, मूर्ती सगळं त्यातच होतं, आणि त्या कामांना ते उत्तमच. पण त्यात स्टायरिन नावाचं द्रावक असतं आणि ते ईपीएस फोम खाऊन टाकतं. मी हे सांगायला तोंड उघडलं तर मामांनी शेडमागून थर्माकोलचा एक तुकडा आणला, त्यावर ब्रशनं रेझिन टेकवलं आणि माझ्यासमोर धरला. बघता बघता खड्डा पडला. "म्हाईत हाय," एवढंच म्हणाले. तुमचा बोर्ड जुन्या पद्धतीचा, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा असेल तर पॉलिस्टर चालतं. ईपीएस असेल तर इपॉक्सीच, आणि ते मागवून घ्यावं लागतं. कापडाचंही तसंच. शेडमध्ये तंतू विस्कटून दाबलेली मॅट असते, तिचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद, स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. त्यामुळं विणलेलं कापडच लागतं. मी सहा औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपासचं, सोबत नेलं होतं.

चिरेतलं सुटलेलं कापड कापून बोर्ड चीर खाली करून भिंतीला टेकवून ठेवला गेला, आणि तो तसाच बरेच दिवस राहिला. फोन केला की "पाणी निघतंय अजून" हेच उत्तर. वैताग आला होता, पण ओला फोम आत कोंडला तर पुढच्या उन्हात वर फुगा येतो, हेही खरं. मग रेझिनमध्ये मायक्रोबलून, म्हणजे पिठासारखे बारीक पोकळ गोळे, कालवून पुट्टी भरली आणि संध्याकाळ व्हायची वाट बघितली. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये फोम तापतो, आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. ऊन उतरताना काम केलं की हवा आकसते आणि रेझिन आत ओढलं जातं. मामांना हे थर्माकोलवरच्या गणपतीच्या सजावटीनं शिकवलेलं. इपॉक्सी मात्र त्यांनी वजनकाट्यावर मोजून घेतलं, अंदाजानं नाही. पॉलिस्टरमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त झाला तर फक्त वाळण्याचा वेळ बदलतो, इपॉक्सीत प्रमाण चुकलं तर ते कायमचं चिकट राहतं.

कडेवर दोन थर, प्लगभोवती तीन. मी दोन सांगितले होते. "दोरी हितंच वढणार न्हवं?" असं विचारून त्यांनी तिसरा घातलाच.

आता हाच बोर्ड का, हे सांगते, कारण दुरुस्तीचा हिशोब त्याशिवाय लागत नाही. माझं वजन अठ्ठावन्न किलो. एरवी मी साडेसात फुटी फोमचा मऊ बोर्ड वापरते आणि छातीएवढ्या लाटेला त्याच्यासारखं सुख नाही. पण मोठ्या लाटेत तो फुगीर बोर्ड पाण्याखाली दाबून लाटेखालून पलीकडं जाता येत नाही, प्रत्येक फेसाळ भिंत तुम्हाला परत किनाऱ्यावर आणून टाकते. उलट व्हिडिओत दिसतो तसा साडेपाच फुटी चपटा बोर्ड घेतला तर वल्हवायला वेग मिळत नाही. वादळी लाट लवकर पकडावी लागते, उशीर झाला की ती थेट डोक्यावर फुटते. म्हणून नेहमीच्या छोट्या बोर्डापेक्षा थोडा लांब, टोकाला वर वळलेला, शेपटीला निमुळता असा मधला प्रकार. त्याला स्टेप-अप म्हणतात. अडतीस लिटर माझ्या वजनाला मी अर्धवटच दाबू शकते, पण वल्हवताना तेच लिटर कामाला येतात. आठ-दहा फुटी गन, म्हणजे राक्षसी लाटांचे लांब बोर्ड वगैरे, आपल्या किनाऱ्यावर मिरवायला ठीक.

लाटांचा अंदाज वाचण्याबद्दलही दोन शब्द. आपण कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ सांगतो: एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस फूट धोका. समुद्राचं मात्र नुसतं उंचीवर भागत नाही, एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते तेही बघावं लागतं. दोन मीटरची लाट सात सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्यानं उठवलेली खळबळ. तीच दोन मीटर चौदा सेकंदांनी येत असेल तर ताकद जवळजवळ दुप्पट, आणि उथळ पाण्यात ती उभी राहते जास्त. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी सागरी माहिती संस्था उंची, सेकंद, दिशा तिन्ही देते, फुकट. चौदा सेकंदांची लाट खोल समुद्रात दिवसाला साधारण नऊशे किलोमीटर येते. त्यामुळं वादळ लांब असतानाच तिच्या रांगा किनाऱ्याला लागतात. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलंच नाही, अरबी समुद्रातून पश्चिमेकडं गेलं, तरी कोकणात समुद्र खवळला होता.

वादळ किनाऱ्याकडं येत असेल, किंवा इशारा लागलेला असेल, तर बोर्ड घरी. घाट उतरायचाच नाही. मी जाते ती वादळ ओमानकडं सरकल्यावर आणि इशारा उठल्यावर, वारा पडलेला असतो आणि लाट अजून येत असते तेव्हा. तीही पहाटे, मतलई वारे वाहतात तोवर. नऊ-दहानंतर खारे वारे सुरू झाले की लाटेचा चेहराच मोडतो. उधाणाची भरतीही टाळते, कारण कुणकेश्वर-मिठबावच्या बाजूला लाट तेव्हा पार किनाऱ्यावरच आपटते. आणि पाण्यात पाय घालण्याआधी रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारते, जाळं कुठं आहे आणि पाणी कुठून बाहेर ओढतंय. अंदाज सांगणारं कुठलंही अॅप हे सांगत नाही.

अशाच एका पहाटे मामांच्या कामाची परीक्षा झाली. लाट डोक्याच्या वर होती, माझ्यासाठी पुरेशी मोठी. बोर्ड आधीपेक्षा तीनशेएक ग्रॅम जड झालाय, हे गाडीवरून उतरवतानाच हाताला कळलं होतं आणि मी मनातल्या मनात चडफडले होते. पाण्यात उलटं झालं. लाटेवरून उतरताना मधे बारीक खडबड होती. हलका बोर्ड तिथं थरथरतो, पाय सुटतात. हा सरळ कापत गेला. मोठ्या लाटांचे बोर्ड मुद्दाम जड कापडाचे करतात ते याचसाठी. रोजच्या बारक्या लाटेला हे वजन नडेल, पण या बोर्डाचं ते कामच नाही. मग एका लाटेनं मला खाली घेतलं आणि दोरी अशी ताणली गेली की घोट्याला वळ उठला. लीश मी सात फुटी, सात मिलिमीटर जाडीची घेतली होती, नेहमीची सहाची नाही. प्लग जागचा हलला नाही. घरी येऊन भिंग लावून बघितलं, तडा नाही.

आता तक्रारी. रंग जुळलेला नाही. पांढऱ्या बोर्डावर दुरुस्तीची जागा पिवळट दिसते, आणि ती उन्हानं आणखी पिवळी होणार. कडेची गोलाई थोडी बोथट झालीय, मी घरी पॉलिश पेपरनं सारखी केली. बोर्ड आठवड्यात हवा असेल तर इकडं फिरकूच नका, आणि गणपतीच्या तोंडावर तर अजिबात नाही. शिवाय बोर्डाखालच्या फिनच्या, म्हणजे कल्ल्याच्या खाचेत थोडं रेझिन सांडून वाळलं होतं, ते खरवडायला माझा अख्खा रविवार गेला. देताना मामांनी विचारलं, "मागं रेडियम मारू का? फुकटात." मी नको म्हटलं, ते खरंच नाराज झाले.

मजुरी पंधराशे, इपॉक्सी आणि कापड माझं. बोर्ड दिसायला हवा असेल तर पाचपैकी तीन, टिकायला हवा असेल तर साडेचार. जाताना पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं वॅक्स घरीच पूर्ण काढून न्या. वॅक्सवर रेझिन धरत नाही, आणि तसा बोर्ड नेलात तर मामा तो बाकड्यावर ठेवूनही घेत नाहीत.