ठाण्यातला ट्रेडिंग हॉल: डेस्कचे पैसे देण्याआधी शेजारी कोण बसतंय ते बघा

नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर शेअर बाजारात रोज सौदे करणाऱ्या ट्रेडर लोकांसाठी हॉल आहे, महिन्याच्या भाड्याने डेस्क मिळतं. ओळखीतले बरेच जण विचारतात कसा आहे, जावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. नाव टाकत नाही कारण पुढे मालकाबद्दल थोडं वाकडं लिहिलंय, ठाण्यातले असाल तर चौकशी करून पोचालच.

सुविधा ठीकठाक. दोन स्क्रीन, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट, इन्व्हर्टर, एसी जरा जास्तच गार. खुर्च्या बऱ्या आहेत पण कोपऱ्यातल्या दोन घेऊ नका, पाठीची वाट लागते. लेडीज वॉशरूम वेगळं आणि स्वच्छ आहे, हे मुद्दाम सांगते कारण याआधी एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात बसायचे तिथे त्याचीच बोंब होती. चहा साडेदहाला आणि अडीचला, साखर अंमळ जास्त. एवढ्यासाठी कोणी महिन्याला साडेसहा हजार देईल असं मला नाही वाटत, घरीही स्क्रीन लावता येते की.

पैसे वसूल होतात ते जाहिरातीत नसलेल्या गोष्टीने, ती म्हणजे जोडी. ही पद्धत मालकाची नाही, तिथल्या जुन्या मेंबरांनी आपसात सुरू केलीय. नवीन माणूस आला की त्याला एक जोडीदार मिळतो, शक्यतो वेगळ्या स्वभावाचा. सव्वानऊला मार्केट उघडायच्या आधी प्रत्येकाने व्हाइटबोर्डवर आपल्या नावापुढे आकडा लिहायचा, आज जास्तीत जास्त किती जाऊ देणार. प्रॉफिटचा आकडा लिहायचा नाही, फक्त लॉसचा. तो आकडा आला की जोडीदार येऊन मागे उभा राहतो. बस, एवढीच सिस्टीम आहे.

ऐकायला पोरखेळ वाटतो ना, मलाही वाटला होता. पण एक्सपायरीच्या मंगळवारी, म्हणजे आठवड्याच्या सौद्यांची मुदत संपते त्या दिवशी, दोन-अडीचला हॉलमध्ये बसून बघा. एक पंचविशीतला मुलगा आहे, चार्ट वाचायला एकदम हुशार, पण एसएल (स्टॉप-लॉस, ठरवलेल्या तोट्याला सौदा आपोआप कापणारी ऑर्डर) लागायला आला की हळूच काढून टाकतो. त्याचे जोडीदार म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक काका. मागच्या एका एक्सपायरीला त्यांचं जे चाललं होतं ते जसंच्या तसं सांगते.

"एसएल कुठे गेला रे तुझा?"
"काका, एवढी एक कॅन्डल जाऊ दे."
"बोर्डावर काय लिहिलंयस ते मोठ्याने वाच."
"चार हजार. पण काका, आता फिरतंय बघा, बघा तुम्ही."
"फिरू दे. तू पण जरा फिरून ये, खाली वडापाव खा."

पोराने शिव्या पुटपुटत पोझिशन, म्हणजे चालू सौदा, कापली आणि गेला खाली. नंतर ते खरंच फिरलं का, तर हो, थोडं फिरलं, आणि त्यावरून काकांना दिवसभर टोमणे बसले. काका ढिम्म. त्यांचं म्हणणं असं की आज फिरलं म्हणून मी चुकलो असं तू धरून चाललास तर पुढच्या मंगळवारी सगळंच घालवशील. हे मला पटतं, कारण लॉसमध्ये असलेल्या माणसाचं डोकं त्याच्या ताब्यात नसतं, शेजारी ज्याचा एक रुपयाही अडकलेला नाही असा कोणीतरी लागतो. ब्रोकरच्या ॲपमध्ये किल स्विच असतो, सेगमेंट, म्हणजे त्या प्रकारचं ट्रेडिंगच, बंद करून टाकता येतो, पण तो दाबायचा कोणी, आपणच ना. तो दाबायला लावणारा माणूस इथे मिळतो.

एक नियम मात्र कडक आहे आणि तो मला सगळ्यात जास्त आवडला. दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही, लॉगिन-पासवर्ड-ओटीपी कोणी कोणाला सांगायचा नाही, नवराबायको असले तरी. मैत्रीखातर "तू जरा बघ माझं अकाउंट" असं करून लोक कुठच्या कुठे जाऊन बसलेत. आमच्यातल्या एका ताईंच्या आईला मध्येच हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं तेव्हा त्या ऑप्शन (ठरलेल्या भावाने घ्यायचा-विकायचा हक्क देणारे करार) विकून बसल्या होत्या, त्यात भाव उलटला की तोटा वाढतच जातो. त्यांच्या जोडीदाराने स्क्रीनला हात लावला नाही, फोनवर भाव सांगत राहिला आणि ताईंनी रिक्षात बसून मोबाईलवरून स्वतः स्क्वेअर ऑफ केलं, म्हणजे सौदा बंद केला. एसएलची ऑर्डर आधीच सिस्टीममध्ये पडलेली होती म्हणून धडधड कमी. आणि मग त्याच पोराने, वडापाववाल्याने, डबा पोचवला हॉस्पिटलात.

काकांकडून जुन्या गोष्टीही फुकट ऐकायला मिळतात. नोकरी लागायच्या आधी ते दलाल स्ट्रीटला एका जॉबरकडे (दिवसभर शेअर घेऊन-विकून भावातल्या फरकावर कमावणारा) कामाला होते, बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, रिंगमध्ये, हातवारे आणि आरडाओरडा करून सौदे व्हायचे तेव्हा. सौदा तोंडी, नोंद आपापल्या वहीत, आणि दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत की वांधा, तो बसून मिटवायचा. पुढे मार्च १९९५ मध्ये बोल्ट आलं, कॉम्प्युटरवर सौदे सुरू झाले आणि रिंग संपली. काका म्हणतात, गोंगाट गेला ते बरंच झालं, फसवाफसवीही कमी झाली, पण शेजारी कोण बुडतोय ते दिसेनासं झालं. मोबाईल आल्यावर तर काय, माणूस संडासात बसून लॉट उचलतो आणि घरच्यांना पत्ता नसतो.

२४ फेब्रुवारी २०२१ चा किस्सा तर हमखास निघतो. एनएसई, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, सकाळी ११:४० ला बंद पडलं, आणि मग दुपारी ३:४५ ते ५ असं परत उघडलं. बऱ्याच लोकांच्या इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायच्या) पोझिशन ब्रोकरने तोपर्यंत कापून टाकल्या होत्या. आमच्यातले तेव्हा सगळे आपापल्या घरी एकटे रिफ्रेश मारत बसले होते, कोणाला वाटलं आपलंच नेट गेलं, एकाने तर राउटर बदलला म्हणे. हॉलमध्ये असं काही झालं की निदान लगेच कळतं की झोल आपल्याकडे नाही, वर आहे.

आता वाईट बाजू, कारण आहे. एकत्र बसलं की सगळ्यांचं मत एकच व्हायला लागतं. ३ जून २०२४, लोकसभेच्या एक्झिट पोलनंतरचा सोमवार, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर. दुसऱ्या दिवशी निकाल, आणि निफ्टी जवळपास सहा टक्के खाली, सेन्सेक्स ४,३८९ पॉइंट पडला. मी तेव्हा नव्हते, पण जुने मेंबर सांगतात की सोमवारी अख्खा हॉल कॉल (मार्केट चढेल यावरचे ऑप्शन) घेऊन बसला होता, एकमेकांना बघून धीर वाढत गेला, पुट (पडेल यावरचे) घेणाऱ्या एकाची तर टिंगल झाली. तेव्हापासून नियम आला की पोझिशन घेण्याआधी कोणी कोणाला दिशा सांगायची नाही. तो आताही रोज मोडला जातो, साडेनऊला कोणीतरी ओरडतंच "गेलं गेलं गेलं" आणि चार जणांचे माउस वाजतात. ज्याला स्वतःचं काही ठरवता येत नाही त्याने इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो शेजाऱ्याची कॉपी मारणार आणि शेजाऱ्याच्या एक्झिटला नेमका चहा पीत असणार.

आणि मालक. माणूस गोड बोलतो, भाडं वेळेवर घेतो, नेट गेलं तर धावतो, इथपर्यंत उत्तम. पण डेस्क घेतल्यावर आठवड्याभरात त्याचा "प्रीमियम ग्रुप" गळ्यात मारायला सुरुवात होते. रोजचे कॉल (इथे अर्थ काय घ्या, काय विका याच्या टिप्स), एन्ट्री, टार्गेट, वेगळे पैसे. मी सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर म्हणाला, "मॅडम आपण एज्युकेशन देतो." अहो एज्युकेशन असेल तर चालू भाव कशाला? सेबीच्या जानेवारी २०२५ च्या सर्क्युलरने तर फक्त शिकवणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भावसुद्धा वापरायला बंदी घातली. कॉल द्यायचे तर रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, नंबर आयएनएचने सुरू होतो, सेबीच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो. प्रॉफिटचे स्क्रीनशॉट दाखवेल, बघा आणि विसरा. गंमत म्हणजे व्हाइटबोर्डवर त्याचं नाव कधीच नसतं.

प्रॉफिट होतो का इथे बसून, हा प्रश्न येणारच. इतरांचं मी कशाला सांगू, आणि हॉलमध्ये बसल्याने मार्केट काही आपलं ऐकत नाही. सेबीचाच जुलै २०२५ चा अभ्यास आहे, २०२४-२५ मध्ये एफअँडओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे ९१ टक्के सामान्य ट्रेडर तोट्यात, मिळून १ लाख ५ हजार कोटींच्या वर गेले. आमचा हॉल त्याला अपवाद असेल असं समजायचं कारण नाही. जोडीने एवढंच होतं की वाईट दिवस बोर्डावरच्या आकड्याला थांबतो. एक महिन्याचा तोटा एका दुपारी होत नाही. शिवाय एफअँडओचा तोटा वेळेत इन्कम टॅक्स रिटर्न भरलं तर आठ वर्षं पुढे नेऊन नफ्यातून वजा करता येतो, हे मला तिथेच कळलं, ताईंनी त्यांच्या सीएकडे नेलं, माझं आयटीआर-३ तिथूनच भरलं गेलं.

माझे स्टार: माणसांना पाच, नेटला चार, खुर्च्यांना तीन, मालकाच्या प्रीमियम ग्रुपला शून्य. नोकरी सांभाळून अधूनमधून ट्रेड करणाऱ्याला परवडणार नाही, पूर्णवेळ करत असाल तर विचार करा. ट्रायलचा एक दिवस फुकट देतात, तो मंगळवारचाच मागा, मालक शुक्रवार गळ्यात मारायला बघेल पण शुक्रवारी हॉल शांत असतो, काही कळत नाही. पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत या.