जुन्या एमएक्स-५ साठी घेतलेला छोटा ऑसिलोस्कोप: नऊ महिने वापरल्यावर

गाडी १९९१ ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर इंजिन. मी कॉव्हेंट्रीत राहतो, गाडी चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला एक खोड लागली. वीस-पंचवीस मिनिटं चालली, इंजिन नीट तापलं, की धावता धावता क्षणभर मेल्यासारखी व्हायची आणि टॅकोमीटरचा काटा खाली पडायचा. कधी लगेच सावरायची, कधी बंदच पडायची. दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू.

हल्ली बरेच जण ब्लूटूथचं स्कॅनर घेऊन बसतात, ते इथे चालत नाही. युरोपात पेट्रोल गाड्यांना ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचायचं) प्रमाणित सॉकेट सक्तीचं झालं ते २००१ च्या सुमारास. या गाडीत बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेला एक छोटा काळा डबा आहे. त्यातल्या टीईएन आणि जीएनडी या पिना वायरीच्या तुकड्याने जोडायच्या, एफईएन आणि बी प्लसमध्ये रेझिस्टर लावलेला एलईडी घालायचा, चावी ऑन करायची आणि लुकलुक मोजायची, त्यातून बिघाडाचा कोड कळतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. एक लांब पाच आखूड म्हणजे १५, ऑक्सिजन सेन्सर. मला कधी ०२ मिळायचा, कधी ०३, बहुतेक वेळा काहीच नाही. हे दोन्ही कोड क्रँक अँगल सेन्सरच्या दोन सिग्नलांचे. हा सेन्सर इंजिन फिरताना कुठल्या स्थितीत आहे ते सांगतो; तो सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर फिरतो.

एका गॅरेजने सरळ सांगितलं, सेन्सर बदला. मी बदलला. चांगल्या स्थितीतला वापरलेला मिळाला, १४० पौंड गेले. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर बंद. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही, हे तेव्हा पक्कं कळलं. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), वायर, अर्थ (करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) आणि ईसीयू (इंजिनचा संगणक), सगळं मिळून.

मग हा हातात मावणारा दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप घेतला, म्हणजे व्होल्टेज क्षणाक्षणाला कसा बदलतो ते स्क्रीनवर रेघेने दाखवणारं यंत्र, साधारण ८० पौंडांचा. मल्टीमीटर होताच. पण मल्टीमीटर वेगाने बदलणाऱ्या सिग्नलची सरासरी दाखवतो. चालू इंजिनवर सेन्सरच्या वायरीवर तो अडीच व्होल्टच्या आसपास काहीतरी दाखवायचा आणि मी 'ठीक आहे' म्हणून पुढे जायचो. स्कोपवर तोच सिग्नल चौकोनी लहरीसारखा दिसतो, वर ५ व्होल्ट, खाली जवळपास शून्य. प्रोबचं अर्थचं टोक ईसीयूच्या अर्थला लावलं, कपलरच्या मागून बारीक पिन आत सरकवली (वायरीचं आवरण कधीही टोचू नका, तिथून पाणी शिरतं) आणि इंजिन चालू ठेवून बसलो. पंधरा मिनिटं लहर सुंदर. नंतर तिचा तळ हळूहळू वर यायला लागला. ०.२, ०.५, मग ०.९ व्होल्ट. माथा जागेवर, तळ उचललेला. मी कपलर हलक्या हाताने हलवला, लहर विस्कटली आणि इंजिन माझ्यासमोर बंद पडलं. इतक्या महिन्यांचं कोडं एका स्क्रीनवर उघडं पडलं, त्या क्षणी खरंच डोळे भरून आले.

तळ वर उचलला म्हणजे सिग्नलला खाली ओढणारी वाट अडलेली, म्हणजे अर्थ खराब. त्या सेन्सरची ओ-रिंग म्हातारी झाली की तेल झिरपतं, हे या इंजिनात सर्रास दिसतं. माझ्या गाडीत ते वर्षानुवर्षं कपलरमध्ये उतरलं होतं. अर्थच्या पिनेची पकड सैल झाली होती, वर कार्बन धरला होता. थंड असताना ओहममध्ये मोजली तर ०.४. तापल्यावर आणि हादऱ्यांनी ती सुटायची. पिन साफ केली, पकड घट्ट केली, ओ-रिंग नवी टाकली. ओ-रिंग दोन पौंडांची. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही, हिवाळाही गेला.

इथे माझ्या बाबांचं सांगायला हवं. ते इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटरींचं रिवाइंडिंग करायचे, म्हणजे जळालेल्या मोटरीत तार नव्याने गुंडाळायचे. व्हिडिओ कॉलवर मी लहर दाखवली तेव्हा म्हणाले, "अरे, आधी अर्थ बघायचा असतो, आणि लोड टाकून बघायचा." त्यांच्याकडे होल्डरमधला बल्ब असायचा, टेस्ट लॅम्प. दहातला एक धागा शिल्लक राहिलेली वायरही मीटरवर कंटिन्युइटी देते, बल्ब लावला की लगेच उघडी पडते. आता मी हेडलाइट, पंखा यांच्या वायरी २१ वॉटच्या बल्बने तपासतो. फक्त ईसीयू आणि सेन्सरच्या वायरींना बल्ब लावायचा नाही, आतलं सर्किट जळेल.

त्याच नादात बाकीचे अर्थही तपासले. या गाडीची बॅटरी डिकीत आहे, त्यामुळे इंजिनपासून बॅटरीपर्यंतची परतीची वाट बॉडीतून जाते. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये १.१ व्होल्ट मिळाले, ०.३ च्या आत हवेत. इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी गंजली होती. ती बदलल्यावर स्टार्टरचा आवाजच वेगळा झाला. तापमानाचा सेन्सर मात्र मल्टीमीटरवरच तपासला, त्याला स्कोप लागत नाही: २० अंशांना २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.३ च्या आसपास. तो चांगला निघाला. त्या सुमाराला त्यालाही नवा मागवणार होतो.

यंत्राबद्दल. स्क्रीन उन्हात दिसत नाही, बॉनेटखाली पुठ्ठ्याची टोपी करून बघावं लागतं. बॅटरी चार तास म्हणतात, मला अडीच मिळतात. सोबत आलेल्या प्रोबचा हुक दुसऱ्या महिन्यात तुटला, चांगला वेगळा घ्या, १० एक्सचा (सिग्नल दहापट लहान करून देणारा). ट्रिगर (लहर स्क्रीनवर स्थिर धरायची सोय) समजायला मला तीन शनिवार गेले. ज्यांना मल्टीमीटरचाच सराव नाही त्यांनी आधी व्होल्टेज ड्रॉप (वायरीत किंवा जोडात वाया जाणारा व्होल्टेज) मोजायला शिकावं, स्कोप नंतर. आणि इग्निशन कॉइलच्या प्रायमरीला हा थेट लावू नका. तिथे काहीशे व्होल्टचा झटका येतो, त्यासाठी व्होल्टेज कमी करणारा वेगळा अ‍ॅटेन्युएटर लागतो. तो मी अजून घेतलेला नाही, म्हणून इग्निशनबद्दल या अनुभवात काही लिहीत नाही.

सध्या ऑक्सिजन सेन्सर बघतोय. इंजिन गरम असताना त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप खालीवर व्हायला हवा. माझा जरा आळसावलाय, वर जायला वेळ घेतो. पण या वेळी नवा मागवण्याआधी एक्झॉस्टला गळती आहे का ते बघणार आहे, कारण बाहेरची हवा आत शिरली तरी हा सेन्सर चुकीचं सांगतो. सांध्याचं नवं गॅस्केट आणून ठेवलंय, पाऊस थांबला की शनिवारी बसवतो.