झेफरचे विकास-वातावरण: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गावच्या कांदाचाळीत पावसाळ्यात दमटपणा किती वाढतो याची नोंद ठेवणारे छोटे यंत्र मी बनवायला घेतले आणि त्याच्या फर्मवेअरसाठी, म्हणजे यंत्रातच बसणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, झेफर ही मुक्त स्रोत आरटीओएस (छोट्या यंत्रांसाठीची, कामे ठरल्या वेळेत करणारी ऑपरेटिंग सिस्टिम) निवडली. लिनक्स फाउंडेशनने २०१६ मध्ये जाहीर केलेला हा प्रकल्प शेकडो बोर्डांवर चालतो. माझ्याकडे उबुंटू २२.०४ असलेला लॅपटॉप, न्यूक्लिओ-एफ४०१आरई हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि दमटपणा मोजणारा बीएमई२८० सेन्सर आहे, त्यामुळे पुढचा अनुभव तेवढ्या साहित्यापुरताच समजावा.

झेफर म्हणजे एकच रेपॉझिटरी (कोडचे भांडार) नव्हे, तर अनेक मॉड्यूल्सचा संच आहे, हे कळायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने गिटने मुख्य रेपॉझिटरी क्लोन केली आणि थेट बिल्ड करू लागलो. अर्थातच चिपसाठी लागणारी हॅल (चिपच्या हार्डवेअरशी बोलणारा कोड) कुठेच नव्हती. ही सगळी मॉड्यूल्स एकत्र आणण्याचे काम ‘वेस्ट’ नावाचे साधन करते. मॅनिफेस्ट या यादीच्या फाइलमध्ये प्रत्येक मॉड्यूल कोणत्या कमिटवर (कोडच्या नेमक्या कोणत्या नोंदीवर) हवे ते लिहिलेले असते आणि ‘वेस्ट अपडेट’ त्याबरहुकूम ती सर्व मॉड्यूल्स उतरवून घेते. हे डाउनलोड काही गिगाबाइटचे असते. ‘नॅरो’ हा पर्याय दिला तर ते बरेच आटोक्यात येते. एसडीके या झेफरच्या साधनसंचामधूनही फक्त आर्म चिपसाठीचे टूलचेन (कंपायलर वगैरे) घेतले तरी न्यूक्लिओसाठी पुरते.

पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेससाठीची वेगळी जागा) मात्र टाळू नये. नवे टर्मिनल उघडून ते सक्रिय करायला विसरलो की ‘वेस्ट’ ही आज्ञाच सापडत नाही, हे माझ्याबाबतीत अनेकदा घडले; तरीही सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेजेस मिसळण्यापेक्षा हा त्रास परवडतो. बोर्डावर फर्मवेअर चढवण्यासाठी ओपनओसीडी या साधनाचे युडेव्ह नियम (यूएसबी उपकरण वापरण्याची परवानगी देणारे) आधीच बसवावेत आणि सीरियल पोर्ट वाचता यावा म्हणून स्वतःला ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. न्यूक्लिओला मिनी-यूएसबी केबल लागते. माझी पहिली केबल केवळ चार्जिंगची निघाली आणि त्यात एक संध्याकाळ गेली.

खरा कस लागला तो सेन्सर जोडताना. बोर्डावर कोणते हार्डवेअर आहे ते डिव्हाइसट्रीत लिहिलेले असते; त्यात भर घालणाऱ्या ओव्हरले फाइलमध्ये बीएमई२८० चा नोड लिहिला, पत्ता ०x७६ दिला, तरी लिंकर (कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘डिव्हाइस डीटीएस ऑर्ड’ने सुरू होणारे एक नाव सापडत नसल्याची तक्रार करून थांबायचा. दोन दिवस मी ओव्हरलेच तपासत बसलो, आणि दोष निघाला दुसरीकडेच: नोड होता, पण प्रोजेक्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये सेन्सरची उपप्रणाली चालू केलेली नव्हती, म्हणून ड्रायव्हर कंपाइलच होत नव्हता. तेव्हापासून बिल्ड फोल्डरमधली अंतिम डीटीएस (डिव्हाइसट्री) आणि डॉट-कॉन्फिग (सेटिंग्ज) या दोन्ही फाइल्स शेजारी उघडून वाचायची सवय लावून घेतली आहे. मेन्यूकॉन्फिग या सेटिंग्जच्या मेन्यूमध्ये केलेले बदलही त्याच बिल्ड फोल्डरमध्ये राहतात आणि प्रिस्टिन (फोल्डर साफ करून नव्याने) बिल्ड करताच पुसले जातात. जे टिकवायचे आहे ते कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहावे लागते. दस्तऐवजात हे सांगितलेले आहे, पण नवख्याची नजर त्यावर पडेल अशा ठिकाणी नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

‘नेटिव्ह सिम’ हे लक्ष्य, म्हणजे बोर्डाऐवजी संगणकावरच चालणारे बिल्ड, मला फार आवडले. बोर्ड गावी ठेवून मी घरी आलो की नोंदी साठवण्याचे तर्कशास्त्र लॅपटॉपवरच चालवून पाहतो. मूळ लक्ष्य ३२-बिट असल्याने जीसीसी कंपायलरची मल्टिलिब पॅकेजेस (३२-बिट बिल्डसाठीची) हवीत, नाहीतर ६४-बिट प्रकार निवडावा.

सुरुवातीला मी मुख्य शाखेच्या टोकावर, म्हणजे सतत बदलणाऱ्या ताज्या कोडवर, काम करत होतो. एका अपडेटनंतर चालू असलेला कोड अडला, तेव्हा जुलै २०२४ मध्ये आलेल्या ३.७ या दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर स्थिरावलो. आता मॅनिफेस्ट माझ्याच रेपॉझिटरीत आहे. त्यात झेफरची आवृत्ती ३.७.० वर बांधली आहे आणि अनुमत यादीत फक्त सीएमसिस (आर्मचा पायाभूत कोड) व न्यूक्लिओवरच्या एसटीएम३२ चिपची हॅल ठेवली आहे, त्यामुळे डाउनलोड अगदी थोडक्यात उरकते. गेल्या महिन्यात भाच्याच्या लॅपटॉपवर याच मॅनिफेस्टवरून सगळे नव्याने उभे केले, तेव्हा दुपारी सुरू केलेले काम चहाच्या वेळेपर्यंत आटोपले आणि पहिल्याच बिल्डचे फर्मवेअर चाळीतल्या बोर्डावर चढले.