सेंट्रिफ्युगल की ॲक्सियल? जेट इंजिनाचे दोन कॉम्प्रेसर

जेट इंजिनात, म्हणजे गॅस टर्बाइनमध्ये, सगळ्यांचं लक्ष ज्वलनकक्षातल्या आगीकडे जातं. पण हवा आधी नीट दाबलीच नाही, तर इंधन जाळून उपयोग काय? ही हवा दाबतो तो कॉम्प्रेसर, आणि त्याचे मुख्य प्रकार दोन.

सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरमध्ये हवा चाकाच्या मध्यातून शिरते आणि पात्यांसोबत गरगरत कडेला फेकली जाते. बाहेरचा डिफ्यूझर, म्हणजे रुंदावत जाणारी वाट, तिचा वेग कमी करतो. त्या वेगाचाच दाब होतो. एका टप्प्यात, म्हणजे चाक आणि डिफ्यूझरच्या एका जोडीत, दाब चौपटही होतो. ब्रिटिश अभियंता फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन असंच होतं. 15 मे 1941 ला त्यावर ग्लॉस्टर ई.28/39 हे विमान उडालं. गडी दणकट, पण अंगानं रुंद! शिवाय दुसरं चाक जोडायचं तर हवेला वळणं घ्यावी लागतात, तिथं ऊर्जा वाया जाते.

ॲक्सियलमध्ये हवा सरळ जाते: फिरत्या पात्यांची रांग, मग स्थिर पात्यांची, पुन्हा फिरती. एका टप्प्यात, म्हणजे फिरत्या-स्थिर रांगांच्या एका जोडीत, दाब साधारण 1.2 ते 1.4 पटच होतो, म्हणून रांगा पुष्कळ. जर्मन युमो 004 या जेट इंजिनात 8 टप्पे होते. इंजिन सडपातळ राहतं. मात्र प्रवाह बिघडला की सर्ज होतो, हवा उलटी येते.

मोठ्या प्रवासी विमानाला ॲक्सियलच हवा. हेलिकॉप्टरसाठी माझं मत सेंट्रिफ्युगलला. आपल्या ‘ध्रुव’च्या शक्ती इंजिनात त्याचेच 2 टप्पे आहेत.