एसीचा 'गॅस संपलाय' सांगून पैसे उकळतात, नाशिककरांनो सांभाळा

एसी सर्व्हिसिंगच्या नावाखाली सध्या काय चाललंय ते सविस्तर लिहितेय, कारण आमच्याच सोसायटीत अजून दोन घरी तीच पोरं तेच बोलून पैसे घेऊन गेलीत.

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याजवळ, हायवेच्या बाजूला. एसी दीड टनाचा इन्व्हर्टर, आउटडोअर बाल्कनीबाहेर अँगलवर. खाली गाड्यांचा धूर, कुंभमेळ्याच्या कामांची खोदाई, वर कबुतरं, म्हणजे त्या मशीनने काय काय ओढून घेतलं असेल विचारूच नका. एप्रिलमध्ये रात्री मस्त गार करायचा, पण दुपारी दोन-तीनला नुसता घरघर आणि मध्येच ट्रिप. नेटवर 'ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटर' म्हणून नंबर आला, ४९९ मध्ये फुल जेट सर्व्हिस, ह्यांनी बुक केलं.

दोघं आले. इनडोअर बरं धुतलं, खोटं कशाला बोलू. आउटडोअरला मात्र समोरच्या पंख्याच्या जाळीवर पाणी मारलं, फडकं फिरवलं, चकचकीत फोटो काढला आणि झालं. मग मीटर लावून म्हणतात, "मॅडम, गॅस झिरो आहे, कॉइल लीक." सासरे म्हणाले अरे काल रात्रीपर्यंत तर गार होत होतं, तर उत्तर काय, "बाबा, ते शेवटचं उरलेलं असतं." लीकचे १५०० आणि गॅसचे ३८००. वजनकाटा नाही, बिल नाही, क्यूआर कोडवर पैसे, तेही कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. दुसऱ्या दिवशी दुपारी परत घरघर आणि ट्रिप. फोन केला तर म्हणे गॅसला वॉरंटी नसते मॅडम.

शेवटी सातपूरला रेफ्रिजरेशनचं काम केलेले ओळखीचे काका आले. त्यांनी आधी एमसीबी बंद केला आणि वरचं झाकण काढून मागची बाजू दाखवली. स्प्लिटच्या आउटडोअरची कॉइल (म्हणजे गॅसच्या नळ्या आणि त्यांच्यावरचे पातळ पत्रे) मागे भिंतीकडे आणि एका बाजूला असते, हवा तिकडून आत ओढली जाते आणि पुढच्या पंख्यातून बाहेर फेकली जाते. म्हणजे त्या पोरांनी धुतली ती नुसती जाळी, कॉइलला हातच नाही! बोटाने खरवडलं तर जुन्या गोधडीतल्या कापसासारखा काळपट थर निघाला, आत पिसं अडकलेली. काकांनी मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेने वर-खाली फिरवला, मग साधं पाणी आतून बाहेर सोडलं. जवळून जोरात जेट मारला तर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाटच बंद होते म्हणे, आणि ॲसिड तर अजिबात लावू द्यायचं नाही, पत्रे खाऊन टाकतं. धुवून चालू केला तर करंट आधीपेक्षा खाली आला आणि भर दुपारी खोली गार.

आता गॅसचं. एसीतला गॅस बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, वापरून संपत नाही, कमी झाला तर कुठेतरी गळतोय. गळतो तिथे बहुतेक वेळा तेलकट डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं, आणि साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. झिरो कसा दाखवला तर काका म्हणाले मीटरचा पाइप एसीला अर्धाच आवळला की आतली पिन दाबलीच जात नाही, मग मीटरचा काटा हलणार कुठून. आणि गॅस खरंच झिरो असेल तर रात्री गार होईलच कसं? रात्री ठीक आणि उन्हात ढेपाळतो, ट्रिप होतो, तर आधी मागची कॉइल बघा, कारण घाण कॉइलमधून उष्णता बाहेर पडत नाही, प्रेशर वाढतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो.

गॅस भरायचीच वेळ आली तर आउटडोअरच्या स्टिकरवर प्रकार (आर-३२ वगैरे) आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. आधी गळती दाखवा, मग ती बंद करून व्हॅक्यूम करा (नळ्यांतली हवा ओढून काढा) आणि वजनकाट्यावर वजन करून भरा, असं तोंडावर सांगायचं. आमच्या शेजारच्या ताईंनी परवा एवढंच विचारलं तर तो माणूस काटा गाडीत राहिला म्हणून खाली गेला तो परत आलाच नाही 😄

आम्ही १९१५ वर ग्राहक तक्रार नोंदवलीय, यूपीआयच्या पावतीसकट. त्या सर्व्हिसवाल्यांचा नंबर आता बंद लागतो, पण तसलीच जाहिरात दुसऱ्या नंबरने परत दिसतेय, त्यामुळे इंदिरानगर, सिडकोकडे कुणाकडे आले असतील तर तुम्हीपण तक्रार टाका.