मोबिलिझॉन वापरून पाहिलं, झाडीपट्टीच्या नाटकांसाठी

भाऊबीज झाली का आमच्याकडं नाटकं सुरू होतात, आज या गावची मंडई (जत्रा) उद्या त्या गावचा शंकरपट (बैलांची शर्यत), अन रात्री पडदा उघडला का पार पहाटेपर्यंत. पण तारखा एका जागी भेटतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक येते, गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जाते, तारीख बदलली तरी जुनंच पत्रक फिरून राहते. मागच्या हंगामात माझा मावसभाऊ पुण्याहून पोरीले घेऊन आला, नाटक आदल्या रात्रीच होऊन गेलं होतं, मैदानात मंडपाच्या बल्ल्या तेवढ्या उभ्या. पोरगी रडलीच. मले लय लागलं ते.

म्हणून मोबिलिझॉन घेतलं, कार्यक्रम अन त्याईच्या तारखा टाकायची ही वेबसाइट आहे. फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेनं 2020 मध्ये याची पहिली आवृत्ती आणली, फुकट आहे, जाहिराती नाहीत. हे एका कंपनीचं एकच दुकान नाही, वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर आहेत अन ते अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात. मी एका सर्व्हरवर नाटकांचा ग्रुप काढला, नागपूरचा एक दोस्त मॅस्टोडॉनवरूनच (ते ट्विटरसारखं आहे) तो फॉलो करते, त्याले इथं खातं काढायची गरज नाही. मात्र तिथं त्याले नाटकाचं नाव अन लिंक एवढंच दिसते, बाकीचं लिंक उघडून पाहावं लागते.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ग्रुपची आयसीएस लिंक, कॅलेंडरले तारखा पुरवते ती. फाइल उतरवून घेऊ नका, ती जशी घेतली तशीच राहते. लिंकच फोनच्या कॅलेंडरले जोडा. या जानेवारीत एका गावचं नाटक शुक्रवारचं रविवारवर गेलं, मी एकाच जागी तारीख बदलली अन संध्याकाळपर्यंत मावसभावाच्या फोनात आपोआप रविवार! त्याचाच फोन आला, "दादा, रविवार झाला ना? मंग शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो." काही फोन ही लिंक तासातासानं पाहतात काही दिवसातून एकदा, म्हणून नाटकाच्या दिवशीच काही बदललं तर फोन करूनच सांगा.

कार्यक्रम टाकणाऱ्यानं सोय चालू ठेवली तर खातं नसलेला माणूस नुसत्या ईमेलवर 'येतो' म्हणू शकते. पक्कं करायची मेल स्पॅममध्ये पडली असंल तर तिथं पाहा. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, त्यात आमचा टोला (वस्ती) नव्हता, तो कोणीही टाकू शकते म्हणून मीच बसून टाकला, शाळा अन मैदानासकट.

आमच्या आबाजींले अजूनही व्हॉट्सअ‍ॅपच लागते, त्याईले मी ग्रुपची लिंक तिथंच पाठवतो. माझ्याकडून पाचापैकी चार. ब्रह्मपुरी-वडसा बाजूच्या तुमच्या मंडळाची तारीख पक्की झाली असंल तर सांगा, टाकून देतो.