फूड डिहायड्रेटर, नऊ महिन्यांनंतर: दोघांचं व्हीगन जेवण आणि परदेशातले ट्रेक

अन्न वाळवायचं हे मशीन साधंच आहे: पाच गोल ट्रे, तळाशी पंखा, ३५० वॅट, ३५ ते ७० अंश तापमान. नागपुरात नोव्हेंबर ते जुलै असं सलग वापरलं. वाळवलेलं व्हीगन, म्हणजे दूध-तूपही नसलेलं, अन्न नेपाळ आणि जॉर्जियाच्या ट्रेकवर दोघांनी खाल्लं.

आधी एक गैरसमज दूर करतो. अन्न वाळवलं की पाठीवरचं ओझं घटतं, असं बरेच जण समजतात. वरण-भाताच्या बाबतीत ते खरं नाही. ३०० ग्रॅम तूरडाळ शिजवून वाळवली की परत ३०० ग्रॅमच्या आसपासच भरते. फायदा इंधनाचा आणि वेळेचा आहे. साधारण दर ३०० मीटर चढाईला पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे कुकरशिवाय कच्ची तूर शिजता शिजत नाही. घरून शिजवून नेलेल्या डाळीला फक्त पाणी प्यायचं असतं.

वरण घट्ट हवं, त्यात तेलाचा थेंबही नको. फोडणी दिलेलं वरण वाळतं, पण तेल वाळत नाही. ते उरतं आणि काही आठवड्यांत खवट होतं. बेकिंग पेपरवर ४-५ मिलिमीटर जाडीचा थर, दर ट्रेला २५० ग्रॅम, ६० अंश, ८ ते १० तास. सहाव्या तासाला थर उलटायचा. पहिल्यापासून ७० अंश लावले तर वरची साय कडक होते आणि आत ओल अडकते. हात लावला तर कोरडं वाटतं, पंधरा दिवसांनी बुरशी दिसते. शेवटी मिक्सरला एकच झटका द्यायचा, भरड राहिली पाहिजे. पीठ केलं तर गरम पाण्यात गाठी होतात.

भात मोकळा शिजवायचा आणि धुऊन वरची पेज काढून टाकायची, नाहीतर ढेकळं होतात. राजमा साल फुटेपर्यंत शिजवायचा. अख्खा राहिलेला दाणा तासभर भिजवला तरी मधे खडा लागतो.

खरी परीक्षा वाळवल्यानंतरची. माल थंड झाला की काचेच्या बरणीत पाऊणपर्यंत भरायचा आणि सात दिवस रोज हलवायचा. काचेला दव दिसलं तर परत दोन तास मशीनमध्ये. जुलैत हे टाळूच नये. पावसाळ्यात उघडा ठेवलेला ट्रे थोड्याच वेळात हवेतली ओल ओढून घेतो.

दोघांच्या रात्रीच्या जेवणाचं माप: वरणाची भरड १५० ग्रॅम, वाळवलेला भात १८० ग्रॅम, पाणी ८०० मिली. उकळी आली की दोन मिनिटं ठेवून गॅस बंद, भांडं जॅकेटमध्ये गुंडाळून वीस मिनिटं. मग फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल दोन मोठे चमचे आणि वरून जवसाची चटणी. तेल वेगळ्या लहान बाटलीत न्यायचं, फल्लीदाणेही वेगळे.

सांबार (म्हणजे कोथिंबीर), मेथी, पालक यांच्यासाठी मशीन लावू नये. मे महिन्यातली नागपूरची हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर सावलीत, पातळ कापडाखाली पाला दोन दिवसांत कुरकुरीत होतो. शिजवलेली डाळ मात्र उन्हात नको. ती रात्रभर दमट राहते आणि आंबते. संत्र्याचा नीट प्रयत्न केला तो मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या बहाराच्या फळांवर. फोडीची साल पाणी बाहेर सोडत नाही, म्हणून प्रत्येक फोडीला चीर द्यायची आणि बी काढायची. बी राहिली की कडवटपणा येतो.

मशीनमधला दोष: खालचा ट्रे वरच्यापेक्षा दोन तास आधी वाळतो. दर तीन तासांनी ट्रे खाली-वर केले नाहीत तर एक करपतो आणि एक ओला राहतो. टायमर नाही, हे सगळ्यात खुपतं.

नेपाळच्या टी-हाउसमध्ये, म्हणजे ट्रेकच्या वाटेवरच्या साध्या लॉजमध्ये, राहायचं असेल तर जेवणासाठी हा खटाटोप नको. जिथे मुक्काम, तिथेच जेवायचं असा रिवाज आहे आणि दालभात मिळतोच. फक्त ‘घिउ नहाल्नुहोस्’ (तूप घालू नका) असं आधी सांगायचं. चटणी आणि दाणे तेवढे न्यावेत. जॉर्जियात, विशेषतः मेस्तिया ते उश्गुली या चार दिवसांच्या वाटेवर, ही भरड फार उपयोगी पडते. स्वानेती या तिथल्या डोंगराळ भागातल्या घरगुती जेवणात चीज आणि लोणी भरपूर असतं. ‘समार्ख्वो’, म्हणजे उपासाचं, असं विचारलं की घेवड्याचा लोबिओ किंवा फ्खाली (अक्रोड घालून वाटलेली भाजी) पुढे येते. लोबियानी (घेवडा भरलेली रोटी) घेण्याआधी वरून लोणी लावलंय का, ते विचारावं.

बी-१२ ची गोळी मात्र बरोबर हवीच. यातल्या एकाही व्हीगन पदार्थात ते नाही. गॅसचा डबा विमानात केबिनमध्येही चालत नाही, चेक-इन सामानातही नाही. तो तिथे उतरल्यावर घ्यायचा. पाकिटांवर इंग्रजीत घटक आणि तारीख लिहावी. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी प्रत्येक पाकीट जाहीर करावं, नाहीतर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.